लाँगफिल्ड यांच्यावरील लेख : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

एकोणिसाव्या शतकातले आयरिश न्यायाधीश माउंटिफोर्ट लाँगफिल्ड यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ज्याने आयर्लंडमधल्या जमिनी लिलावात काढून कुळांना नव्या मालकांच्या तोंडी दिलं, त्याला कुळांचा कैवारी म्हणणं म्हणजे खाटकाला गोपालक म्हणणं." वर मला 'गोऱ्या न्यायाधीशांचा भाट' ही पदवीही देऊन टाकलीत. मतभेद असू द्या, पण ही भाषा मला लागली.

लेखात सनावळी जास्त झाली, हे मान्य. 1832 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक, 1834 पासून तिथेच कायद्याचे रेजियस (राजाच्या नावाने स्थापलेल्या पदावरचे) प्राध्यापक, 1849 मध्ये कमिशनर, 1858 मध्ये न्यायाधीश. यातलं थोडं गाळलं असतं तरी चाललं असतं.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. 1849 साली कर्जात बुडालेल्या इस्टेटींसाठी खास कोर्ट निघालं, तेव्हा आयर्लंड दुष्काळाने पिचलेलं होतं. खंड वसूल होत नव्हता, गरीब-निर्वाहाची पट्टी वाढत होती आणि इस्टेटींवर गहाणांचे थर साचले होते. चान्सरी या जुन्या, संथ कोर्टात असे दावे वर्षानुवर्षं कुजायचे. नव्या कायद्याने मालक किंवा धनको अर्ज करू शकत होता. कोर्टाने इस्टेट विकायची, धनकोंना क्रमाने पैसे द्यायचे आणि घेणाऱ्याला निर्वेध मालकी द्यायची. कायदा संसदेचा. लाँगफिल्ड तीन कमिशनरांपैकी एक.

लिलावाआधी छापली जाणारी माहितीपत्रकं मी पाहिली आहेत. जोडीला नकाशा आणि रकाने : कुळाचं नाव, एकर-रूड-पर्चमध्ये क्षेत्र, वार्षिक खंड, आणि जमीन कोणत्या बोलीवर कसतो. या शेवटच्या रकान्यात नावामागून नाव एकच नोंद येते, 'वर्षागणिक', म्हणजे लांब मुदतीचा पट्टा नाही, करार वर्षावर्षापुरता. अशा कुळाने चर खणून पाणथळ रान सुकवलं, स्वतःच्या हाताने घर उभारलं, तरी बहुतेक ठिकाणी कायद्याच्या लेखी त्याचं काही नाही. नव्या मालकाला खंड वाढवता येत होता आणि अनेकांनी तो वाढवलाही. हे सगळं माझ्या लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही तिथवर वाचलंत तरी का?

कायद्याने जो हक्क दिलाच नव्हता, तो कोर्ट कुठून देणार? पण हाच माणूस 1867 मध्ये न्यायासनावरून उतरला आणि 1870 मध्ये कॉब्डेन क्लब या ब्रिटनमधल्या मुक्त व्यापारवाद्यांच्या मंडळाच्या निबंधसंग्रहात त्याने कुळांसाठी 'संसदीय कूळहक्क' मागितला. कुळाचा जमिनीतला हितसंबंध काही वर्षांच्या खंडाइतका धरावा, आणि कुळाला काढायचं असेल तर जमीनदाराने तेवढी रक्कम मोजावी. कैवारी हा शब्द मी या निबंधावरून वापरला, आणि तो मी मागे घेणार नाही.

माझे वडील तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. जप्तीचं वॉरंट घेऊन ज्या घरी जायचे, तिथलं पाणीसुद्धा घेत नसत. गावाने त्यांना काय काय म्हटलं ते मी लहानपणी ऐकलं आहे, आणि घरी आल्यावर ते जेवायचे नाहीत हेही पाहिलं आहे. तेव्हा हुकूम बजावणाऱ्याला खाटीक ठरवण्याचा धडा मला देऊ नका.

लाँगफिल्ड प्रोटेस्टंट पाद्र्याचे चिरंजीव होते, हा तुमचा मुद्दा उत्तराच्या लायकीचा नाही. आयरिश माणसावर मराठीत कशाला लिहायचं, याही प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमारातल्या मार्टिन इस्टेटीबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र वेगळ्या लेखाचा विषय आहे.

1870 चा तो निबंध वाचा. त्यातल्या कुठल्या कलमाने कुळाचं नुकसान झालं असतं ते दाखवा, मी मुद्द्याला धरून उत्तर देईन. पुन्हा भाट म्हणालात तर प्रतिक्रिया काढून टाकीन.