कॅलिबरपेक्षा गोळी बघा

‘.४४ मॅग्नम हाती असलं की मोठ्या जनावराची काळजी नाही,’ हे रिव्हॉल्व्हरवरच्या लेखातलं वाक्य अर्धवट वाटलं. .४४ मॅग्नम हे जोरदार काडतूस खरं, पण त्यात गोळी कोणती, हे कुठंच नाही. आत लवकर पसरणारी मऊ गोळी अन् सपाट टोकाची कडक शिशाची गोळी, कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी एकच असून दोघींचं काम वेगळं. जिंतूर रोडला गाडीखाली आलेला रानडुकराचा नर पाहिलाय. खांद्यावरचं कातडं बोटभर जाड, चाकू सरकंना. तिथं खोल जाणारी कडक गोळीच पाहिजे.

आमच्याकडं लायसनवाल्यांच्या कमरेला बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर. त्याच्यानं तुरीतलं डुक्कर पडत नाही, चवताळतं मात्र नक्की. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराला हात लावता येत नाही, तेही एका ओळीत लिहायचं होतं राव.