उद्देशपत्र म्हणजे दुसरा ललित लेख नव्हे

अर्ज कसा लिहावा यावरच्या एका लेखात ‘उद्देशपत्रातही (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्येही) आपली गोष्टच सांगा’ असा सल्ला दिलाय. अमेरिकेतल्या एमएफएला, म्हणजे सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, अर्ज करणाऱ्यांना तो महागात पडेल. गोष्टीसाठी लेखनाचा नमुना असतो, आणि निवड मुख्यतः त्यावरच होते. उद्देशपत्रात सध्या काय लिहिताय, कुठे अडलंय आणि त्यासाठी हाच अभ्यासक्रम का, एवढं एक-दोन पानांत पुरे. ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ तर सरळ उडवा, ते प्रत्येकाच्याच अर्जात असतं.

नमुन्याबद्दल मात्र तो लेख गप्प. बऱ्याच ठिकाणी डबल स्पेसमध्ये 20-25 पानं मागतात. म्हणून 25 भरलीच पाहिजेत असं नाही. वाचणारे पहिल्या दोन पानांतच मत बनवतात, आणि आपले ललित लेख नेमके तिथेच घसा खाकरत बसतात. ‘मुंबई म्हणजे धावपळ’ वगैरे कापा आणि डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवलेल्या माणसापासून सुरुवात करा. शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. काही अडत नसेल तर तोही काढा. आणि हो, शिफारसपत्रं साधारण 3 लागतात. मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीतल्या, त्यामुळे सरांना-मॅडमना दिवाळीच्या आधीच विचारा, नंतर ते पेपर तपासण्यात अडकतात.