जुनी सॅश खिडकी टाकाऊ नसते

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळातले घर घेणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो आणि तिथल्या मराठी मंडळींमध्येही तो पुढे पाठवला जातो: वर-खाली सरकणाऱ्या जुन्या सॅश खिडक्या कुजक्या असतात, दुरुस्त होत नाहीत, घरातली ऊब घालवतात, म्हणून त्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या बसवाव्यात आणि काढलेल्यांची फार तर आरशाची चौकट करावी. या सल्ल्यावर विसंबून उत्तम लाकूड आणि पुन्हा न मिळणारी काच भंगारात जाते, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

कुजक्या लाकडाचा आक्षेप आधी घेऊ. यातल्या पुष्कळ खिडक्या बाल्टिक प्रदेशातून आणलेल्या पाइनच्या आहेत. थंडीत सावकाश वाढलेल्या त्या झाडांची वर्षवलये दाट असतात आणि त्यांच्या गाभ्याचे लाकूड आजच्या झटपट वाढवलेल्या पाइनपेक्षा ओलाव्यात जास्त टिकते. कुजतो तो बहुधा पाणी साचणारा भाग, म्हणजे खालच्या पल्ल्याची तळपट्टी आणि चौकटीचा उंबरा. तिथे रंगावरून टोच्या दाबून पाहावा. तो सहज आत रुतला तर तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांधता येतो. त्यासाठी सबंध खिडकी मोडीत काढण्याचे कारण नाही.

‘दुरुस्त होत नाही’ हे विधान तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळ पेट्या असतात, त्यांत बिडाची वजने दोरीने टांगलेली असतात आणि दोरी कप्पीवरून पल्ल्याला जोडलेली असते. खिडकी अडकते ती बहुतेक वेळा रंगाच्या थरांमुळे किंवा तुटलेल्या दोरीमुळे. आतली पट्टी काढली की पल्ला हातात येतो, पेटीतली छोटी लाकडी झडप उघडली की वजन बाहेर काढता येते आणि नवी दोरी ओवता येते. वरच्या पल्ल्याची वजने त्याच्यापेक्षा किंचित जड ठेवतात, म्हणजे तो वर दाबून राहतो; खालच्याची किंचित हलकी, म्हणजे तो नीट बंद राहतो. असा हिशेब करून घडवलेली आणि प्रत्येक भाग सुटा होणारी वस्तू दुरुस्तीसाठीच बनलेली असते. याउलट बंदिस्त दुहेरी काचेचे सील गेले की दोन काचांमध्ये बाष्प धरते आणि तो संपूर्ण संचच बदलावा लागतो.

उबेच्या आक्षेपात तथ्य आहे. एकेरी काचेतून दुहेरी काचेपेक्षा जास्त उष्णता बाहेर जाते, हे मान्यच केले पाहिजे. मात्र घरात जाणवणारा गारठा बराचसा फटींतून येणाऱ्या वाऱ्याचा असतो. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेसाठी जुन्या सॅश खिडकीवर केलेल्या चाचण्यांत फटी बुजवल्यावर हवेची गळती 86 टक्क्यांनी घटली. आतून दुसरी काच बसवली, तर मूळ खिडकीला हात न लावता काचेतून जाणारी उष्णताही पुष्कळ रोखता येते.

राहिला काढलेल्या खिडकीच्या किमतीचा प्रश्न. जोडीतला एकच पल्ला, पेटी आणि वजने नसलेला, फारशा किमतीचा नसतो. पण पेटी, कप्प्या, वजने आणि मूळ काच यांसह सबंध खिडकी मिळाली, तर त्याच काळातल्या दुसऱ्या घराला ती जशीच्या तशी उपयोगी पडू शकते. ती कुठल्या काळातली, हे तिच्याकडे पाहूनही बरेच कळते. काचेवरचा कर 1845 मध्ये आणि खिडक्यांवरचा कर 1851 मध्ये उठला, तावदाने मोठी आणि जड झाली, आणि सांधा भक्कम राहावा म्हणून वरच्या पल्ल्याच्या उभ्या पट्ट्या खाली शिंगांसारख्या वाढवल्या जाऊ लागल्या. काचांमधल्या बारीक दांड्या, लहान तावदाने आणि शिंगांचा अभाव दिसला, तर खिडकी बहुधा त्याआधीची असते. काचेतल्या लाटा मात्र काच हळूहळू खाली ओघळल्यामुळे आलेल्या नाहीत. तीही अशीच पसरलेली समजूत आहे. काच फुगवून सपाट करण्याच्या जुन्या पद्धतीमुळे त्या पडल्या आहेत. आजच्या सपाट काचेत त्या मिळत नाहीत, म्हणून पल्ला पुरता गेला असला तरी काच जपून काढून ठेवावी.

आरशाची चौकट हा मला अगदी शेवटचा पर्याय वाटतो. खिडकी म्हणून जागा नसेल, तर खोली आणि बोळ यांमधल्या भिंतीत उजेडासाठी ती बसवता येते. असा दुसरा वापर करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. जुन्या रंगात शिसे असल्याचे गृहीत धरावे, तो कोरडा घासू नये आणि पोपडे सुटलेला पल्ला भाजीच्या वाफ्यावर झाकण म्हणून ठेवू नये. जमिनीपासून 800 मिलिमीटरच्या आत काच येणार असेल, तर इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार ती सुरक्षा काच लागते आणि जुनी पातळ काच त्या कसोटीला उतरत नाही. खिडकी म्हणूनच बसवताना जाड काच घातली, तर पल्ला काचेसकट पुन्हा तोलून वजने बदलावी लागतात. पेटीत जागा अपुरी असेल, तर बिडाऐवजी शिशाची घ्यावीत.