रॉकला दोन दशांश स्थळांपर्यंत गुण कसे द्यावेत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चार समानशील मंडळींनी एकत्र बसावं, जुने रॉक अल्बम ऐकावेत आणि त्यांना गुण द्यावेत असा बेत तुमच्या मनात शिजत असेल तर आधी अभिनंदन. ग्वाल्हेरात गाण्याची जाण असणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. टंचाई आहे ती दुसऱ्यालाही ती आहे असं मानणाऱ्यांची. तेव्हा मंडळ चालेल. निदान भांडत तरी राहील, आणि आपल्याकडे संस्था जिवंत असल्याची तेवढीच खूण असते.

जागा म्हणून नया बाजार किंवा फालके बाजाराकडचा एखादा जुना वाडा धरावा. मालकाचे पणजोबा शिंदे सरकारच्या दरबारात कुठल्याशा खात्यावर होते असं सांगितलं जात असेल तर उत्तम. कोणतं खातं ते विचारू नये. दिवाणखान्यात त्यांची पगडीवाली तसबीर असतेच. तिच्या बरोबर खाली स्पीकर ठेवावेत, म्हणजे गिटार कितीही किंचाळली तरी बैठकीला घरंदाजपणा राहतो.

माणसं निवडताना आवडीनिवडी बघू नयेत, भूमिका बघाव्यात. मुलाकडे लंडनला जाऊन बीटल्सच्या त्या ॲबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढून आलेले एक काका हवेत. फोटो दर बैठकीला दाखवला जाईल, त्याची मनाची तयारी ठेवा. गाण्याऐवजी स्पीकरची केबल ऐकणारा एक इंजिनियर हवा. शास्त्रीय गाण्यातले एक नाना हवेत, ज्यांनी ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांना समोर बसून ऐकलंय आणि त्यानंतर जगात जे काही वाजलं त्याला ते मोठ्या मनाने क्षमा करतात. आणि चिटणीस मात्र एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतून, निवृत्त झालेलाच बघावा. हिशेब तपासण्यात हयात गेलेला माणूस दशांश चिन्हाच्या उजवीकडे जो आनंद शोधू शकतो तो इतरांना डावीकडेही सापडत नाही.

आता गुण. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ या अमेरिकन समीक्षकाने १९६९ पासून अल्बमना शाळामास्तरासारख्या ए, बी, सी अशा श्रेणी दिल्या. आपल्याला ते चालणार नाही, कारण श्रेणीची सरासरी काढताना चिटणीसांची पंचाईत होते. इंटरनेटवरच्या पिचफोर्क या संगीत-मासिकवाल्यांनी पुढे शून्य ते दहा असा एक दशांश स्थळाचा हिशेब आणला. ही दिशा बरोबर, पण धाडस कमी पडलं. ग्वाल्हेरकरांनी दोन स्थळांपर्यंत जावं. ८.७ दिलेत तर लोक म्हणतील, आवडलं असावं. ८.७३ दिलेत तर म्हणतील, अभ्यास आहे. ते तीन शतांश कुठून आले हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर डोळे मिटून "बेसची जागा बघा" म्हणावं. रॉकच्या कुठल्याही अल्बममध्ये बेसची एक जागा असतेच.

स्वतःचं मत असण्याच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी रोलिंग स्टोन मासिकाची पाचशे श्रेष्ठ अल्बमची यादी आहे. पंचांग असतं तशी ती हाताशी ठेवावी, आणि पंचांगासारखीच कोणत्या सालची ते आधी बघून घ्यावं. २००३ च्या यादीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिला होता. २०२० च्या यादीत तो चोविसावा झाला आणि पहिल्या जागी मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला. मधल्या सतरा वर्षांत दोन्ही रेकॉर्डमधला एक सूरही बदललेला नव्हता. पण जुनी यादी पाठ करून बसलेल्या कित्येक सद्गृहस्थांची आयुष्यभराची आवड रातोरात तेवीस पायऱ्या घसरली. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' मात्र दोन्ही वेळा दुसरा. ज्यांना वाद नको, रक्तदाब आहे, त्यांनी डोळे मिटून त्यालाच धरून राहावं.

याच मासिकाने १९६९ साली लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमला चांगलंच झोडपलं होतं, आणि २००३ च्या यादीत तोच अल्बम पहिल्या तिसांत बसवला. हे बैठकीत कोणी काढलं तर चहाचं विचारा.

पहिली बैठक 'सार्जंट पेपर्स'चीच करावी. सुरुवात मोनो की स्टीरिओ, म्हणजे आवाज एकाच वाटेने की दोन वाटांनी, या प्रश्नाने होईल. मोनो मिश्रणाला बीटल्स स्वतः जातीने हजर होते, स्टीरिओचं काम त्यांच्यामागे झटपट उरकलं गेलं, ही माहिती इंजिनियर देईल. ती खरी आहे. मग मोनो लावायला हवं. पण वाड्याच्या मालकांनी दोन स्पीकरचे पैसे मोजलेत, त्यामुळे स्टीरिओच लागेल. या वादात पाऊण तास जातो, म्हणजे अल्बमच्या लांबीपेक्षा अंमळ जास्तच.

खरा धोका दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याला आहे. 'विदिन यू विदाउट यू' हे जॉर्ज हॅरिसनचं गाणं. त्यात बाकीचा एकही बीटल वाजवत नाही. तंबोरा, दिलरुबा, स्वरमंडल, तबला. वाजवणारे बरेचसे लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलचे. सुरावट खमाजच्या अंगाची, आणि मधल्या तुकड्यात सोळा मात्रांचा ठेका सोडून चाल दहावर येते. ती दहावर येते तेव्हा नाना खुर्चीत पुढे सरकतात. त्यांचा हात आपसूक मांडीवर जातो. बाकीच्यांपैकीही दोघातिघांच्या कानांनी लहानपणी तबल्याच्या क्लासबाहेर ताटकळत काही ना काही वेचलेलं असतं, त्यांच्या मानाही हलायला लागतात. संपूर्ण अल्बममध्ये या खोलीला स्वतःच्या बळावर काही कळावं असं हे एकच गाणं. म्हणूनच ते तिथल्या तिथे आटोक्यात आणलं पाहिजे. हॅरिसनने गाण्याच्या शेवटी हशा मुद्रित करून ठेवलाय, तो तुम्ही आधीच सुरू करावा आणि "हे काय, आपलंच आपल्याला विकतायत" असं म्हणून ६.५० देऊन मोकळं व्हावं. नाना ताबडतोब मांडीवरचा हात काढून घेतात. जाणकारांत बसायचं तर एवढी शिस्त लागतेच.

अल्बम संपतो तो पियानोंवर एकदम दाबलेल्या एका स्वरसंघाने, चाळीसहून जास्त सेकंद तो विरत राहतो. त्याच्यानंतर इंग्लंडच्या मूळ रेकॉर्डवर, आणि पुढे सीडीवरही, सुमारे पंधरा हजार हर्ट्झचा एक सूर ठेवलाय. मुद्दाम कुत्र्यांसाठी. साठी ओलांडलेल्या कानाला तो सहसा पोचत नाही. तुमच्या मंडळाची वयं बघता, सगळा अल्बम शेवटपर्यंत ऐकणारा वाड्यात एकच जीव असणार आणि तो जिन्याखाली झोपतो. त्याचे गुण मागवू नयेत. सरासरी बिघडेल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, ग्वाल्हेरचाच विषय आहे म्हणून. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या गवई भावांना बडे महंमद खाँची तान हवी होती आणि समोर बसून शिकायची सोय नव्हती. तेव्हा दोघांनी आडून, पडद्यामागे बसून कित्येक महिने ते गाणं ऐकलं आणि उचललं, अशी आख्यायिका आहे. त्या दोघांच्या गळ्यातून आपलं घराणं घडलं. हस्सू खाँच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ते महाराष्ट्रात नेलं. इतके महिने ऐकून भावांनी महंमद खाँना किती गुण दिले याची मात्र कुठे नोंद नाही. मोठी उणीव आहे. त्यांच्याकडे चिटणीस नव्हता.

दुसऱ्या बैठकीला पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', १ मार्च १९७३. ही बैठक थंडीत ठेवू नये असा माझा अनुभवाचा सल्ला, कारण थंडीत वाड्यातून गजक, म्हणजे तिळाची कुरकुरीत वडी, येते. अल्बम सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी, हलके हलके वाढत जाणाऱ्या, आणि तेवढ्यात पाच जण एकदम गजक मोडतात. इंजिनियर स्पीकरची तार तपासायला उठतो. लग्नसराई असेल तर खालून बरात जाते, बँडवाले नागीण काढतात आणि लंडनवाले काका सांगतात की हाही मूळ ध्वनिमुद्रणातलाच आवाज असून नव्या रीमास्टरमध्ये स्पष्ट झालाय. त्यांना कोणी खोडून काढत नाही. घड्याळांचा तो प्रसिद्ध गजर झाला की वाड्याच्या मालकांना औषधाची वेळ आठवते.

पहिल्या बाजूच्या शेवटी 'द ग्रेट गिग इन द स्काय'. क्लेअर टोरी नावाची गायिका शब्द न घेता नुसता गळा उघडते. हाक, टाहो, मग थकून गेलेला सूर. नानांना बोलायचं असतं की बाई, ही तर आलापी, हिला शब्द लागतच नाहीत. बोलू देऊ नका. त्याऐवजी माहिती पुरवा: तिला त्या कामाचे तीस पौंड मिळाले, २००४ साली ती कोर्टात गेली, तडजोड झाली आणि २००५ पासून त्या रचनेवर बँडच्या रिचर्ड राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं. एवढं ऐकल्यावर एजी ऑफिसवाल्या चिटणीसांचा त्या संध्याकाळी प्रथमच संगीतात जीव रमतो. रविवारच्या कामाचा दर दुप्पट धरला होता का? व्हाउचर होतं का? तीस वर्षांच्या थकबाकीवर व्याज कसं आकारलं? या चर्चेत दुसरी बाजू लावायची राहून जाते. गुण तिलाही द्यावेत.

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१) फार वेळ घेणार नाही, फक्त नोंदवहीचा प्रश्न येतो. त्याला नावच नाही. बँडने वेष्टणावर स्वतःचं नाव घातलं नाही, आत चार जणांची चार चिन्हं काढली. चिटणीस बिननावाच्या बाबीवर सही करत नाहीत, तेव्हा 'संकीर्ण' खात्यात टाकून द्यावा. शेवटच्या गाण्याचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्यापाशी ठेवून वरून मायक्रोफोन सोडले होते, तो घुमारा त्याच जिन्याचा, हे कळल्यावर इंजिनियर वाड्याच्या जिन्यात स्पीकर नेऊन ठेवील. आवाज खरंच छान येतो. पण खुर्च्या जिन्यात मावत नाहीत आणि पायरीवर बसून गुण देणं मंडळाच्या इभ्रतीला शोभत नाही.

क्वीनच्या वेळी काही करावं लागत नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता, एवढं कोणीतरी म्हणतंच. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' लागायच्या आधीच प्रत्येकाने अर्धा गुण जास्त लिहिलेला असतो, आणि एकाच्या मावसभावाने त्याला महाबळेश्वरच्या वाटेवर पाहिलेलंही असतं.

पोरांना बोलवावं का? बोलवा एखादा पुतण्या, फोनवरून गाणं लावायला कोणीतरी लागतंच. पण त्याला खुर्ची देऊ नका. तो एखादवेळी विचारील, "काका, ये फिर से लगाऊँ क्या? मस्त था." इथे सांभाळा. एकदा गुण दिलेलं गाणं पुन्हा लागलं तर माणूस ते ऐकायला लागण्याची शक्यता असते. ७.४० चं गाणं दुसऱ्यांदा ऐकताना ९.१० चं वाटू शकतं, तिसऱ्यांदा तर गुणांचा कागदच हातातून खाली जातो. आपल्या ग्वाल्हेरात हजिऱ्याजवळ तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याची पानं खाल्ली की गळा सुधारतो म्हणून पिढ्यानपिढ्या गवई ती चघळत आले. कान सुधारणारं झाड सुदैवाने अजून कुठे लागलेलं नाही, नाहीतर मंडळं बंद पडली असती.

सहाएक महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की तीन तासांच्या बैठकीतली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं नाहक गाण्यात जातात. तेवढ्यात सरासऱ्यांची फेरतपासणी होऊ शकली असती. मग एकच बाजू लावावी. मग पहिलं गाणं. मग नुसतं वेष्टण हातोहात फिरवावं. त्यावर तेलकट बोटं उमटू नयेत म्हणून कचोरी नंतर द्यावी. तिथवर पोचलात की मंडळ स्थिरावलं. पुढच्या सूचनापत्रकाचा मसुदा सोयीसाठी देतो, तारीख तेवढी घालून घ्या:

"रविवारी सायंकाळी पाच वाजता फ्लीटवुड मॅकचा 'रुमर्स' (१९७७). सभासदांनी आपले गुण, दोन दशांश स्थळांपर्यंत, शनिवारी रात्री आठच्या आत चिटणीसांकडे पोचते करावेत. उशिरा आलेले गुण धरले जाणार नाहीत. रविवारी फक्त चर्चा व अल्पोपाहार. कृपया येताना रेकॉर्ड आणू नये, ठेवायला जागा नाही."