सारसबाग पाहावी ती आधी पर्वतीवरून

सारसबागेत येणाऱ्या बहुतेकांना आपण एका मोठ्या तळ्याच्या जागेवरून चालत आहोत याची कल्पना नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुण्याबाहेरून कोणी आले, तर मी त्यांना आधी पर्वतीवर नेते. शंभरावर पायऱ्या चढून वरून खाली पाहिले की टेकडी, तिच्या पायथ्याचा सखल भाग आणि त्यात उंचवट्यावर उभे असलेले गणपतीचे देऊळ यांचे नाते लगेच लक्षात येते. बागेच्या दारातून थेट आत शिरणाऱ्याला ते कळत नाही.

पर्वतीवर देवस्थान उभे राहिल्यानंतर नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचे पाणी अडवून पायथ्याशी तळे करवले, मधोमध एक बेट राखले आणि त्यावर फुलवलेल्या बागेला सारसबाग हे नाव दिले. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली. म्हणजे मूळची सारसबाग बेटापुरतीच होती. आज ज्या हिरवळीवर कुटुंबे डबे उघडून बसतात आणि मुले पळापळी करतात, तिथे तेव्हा पाणी होते. पेशवे होडीत बसून राजकारणाची खलबते करीत आणि बोलणे बाहेर फुटू नये म्हणून मराठी न समजणारे हबशी वल्हवायला ठेवीत, अशी एक आख्यायिकाही सांगितली जाते. विसाव्या शतकात हे तळे गेले आणि महापालिकेने तिथे आजचे उद्यान केले. देवळाजवळ कमळे असलेले छोटे तळे आहे, तेवढेच पाणी आता उरले आहे.

उद्यान केले, हे चांगलेच झाले. स्वारगेटच्या इतक्या जवळची ही जमीन इमारतींखाली गेली नाही, ही या शहरावर झालेली मोठी कृपा आहे. थंडीत गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातली की ती पाहायला लोक लेकराबाळांसह येतात, दिवाळीच्या पहाटे तर इथे पाय ठेवायला जागा नसते. जुन्या वास्तूविषयी लोकांना इतकी जवळीक वाटणे दुर्मिळ आहे. म्हणूनच तिचा पाण्याचा इतिहास त्यांच्यापर्यंत नीट पोहोचावा, असा माझा आग्रह आहे.

हा आग्रह केवळ हौसेचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच आंबील ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. आपल्या शहरात पाणी कुठून येत होते, ते कुठे अडवले आणि कुठे वळवले, हे ज्या पिढीला ठाऊकच नाही, ती ओढ्याच्या पात्रात होणाऱ्या बांधकामांना विरोध तरी कशाच्या आधारावर करणार?

महापालिकेने फार खर्चाचे काही करावे, असे माझे म्हणणे नाही. जुन्या नकाशांवरून तळ्याची कड निश्चित करून बागेतल्या वाटांवर ती दगडी पट्टीने दाखवावी, कात्रजपासून पर्वतीपर्यंतचा ओढ्याचा मार्ग दाखवणारा मोठा नकाशा प्रवेशद्वाराशी लावावा आणि शाळांच्या सहली इथे येतात तेव्हा मुलांना तो समजावून सांगणारा माणूस नेमावा. कारंजी, रोषणाई आणि सिमेंटचे चौथरे यांची भर मात्र आता थांबवावी. हिरवळ मोकळी राहिली, तरच तळ्याचा विस्तार नजरेत भरेल.