‘आधी कमवू, मग साफ करू’ : हा हिशेब कुठे फसतो?

एक युक्तिवाद सध्या जोरात फिरतोय : श्रीमंत देशांनी आधी धूर ओकला, पैसा कमावला आणि मग हवा-पाणी स्वच्छ केलं. गरीब देशांना आत्ताच पर्यावरणाच्या नियमांत अडकवलं तर वाढ खुंटेल, रोजगार जातील.

‘मग साफ करू’ म्हणणारे बिघडलेलं सगळं पैसे टाकून परत मिळतं असं धरून चालतात. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा संपत आला, तरी रोजगाराच्या नावाखाली शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा जास्त मासे पकडण्याचे कोटे दिले गेले. 1992 मध्ये मासेमारी बंदच करावी लागली आणि सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. अधिकृतपणे ती उठायला 2024 उजाडलं. रोजगार वाचवायला निघालेल्यांनी रोजगारच बुडवला!

आणि श्रीमंतांची ती साफसफाई? अमेरिकेतल्या हडसन नदीत कारखान्यांतून पीसीबी हे विषारी रसायन सोडणं 1977 मध्ये थांबलं. तळातला विषारी गाळ उपसायला 2009 साली सुरुवात झाली. खर्च एक अब्ज डॉलरहून जास्त.

‘जपणं परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्क शहराचं उदाहरण पाहावं. पिण्याचं पाणी गाळण्याच्या प्रकल्पाच्या खर्चाचा अंदाज सहा ते आठ अब्ज डॉलर होता, चालवण्याचा खर्च वेगळा. त्याऐवजी 1997 च्या करारानुसार शहराने पाणलोट क्षेत्रातल्या जमिनी घेतल्या, मैलापाण्याची व्यवस्था सुधारली, शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे दिले. हे सगळं सुमारे दीड अब्जात बसलं.

वाढ खुंटते, हेही टिकत नाही. अमेरिकेत 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर पन्नास वर्षांत प्रमुख सहा प्रदूषकांचं एकूण उत्सर्जन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं. त्याच काळात जीडीपी तिपटीहून मोठा झाला. कायद्यामुळेच वाढ झाली असा दावा मी करणार नाही, पण त्याने ती रोखली नाही एवढं नक्की. उलट न जपण्याची किंमत जागतिक बँकेने काढली आहे : सूक्ष्म धूलिकणांमुळे 2019 मध्ये आरोग्याचं 8.1 लाख कोटी डॉलरचं नुकसान, म्हणजे जगाच्या जीडीपीच्या 6.1 टक्के. कारखान्याच्या ताळेबंदात हा आकडा दिसत नाही, कारण तो दुसऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलात असतो.

काही नोकऱ्या जातात, हे मात्र खरं. खाण बंद झाली की कामगार उघड्यावर येतो आणि स्वच्छ हवेचा फायदा दूरच्या शहराला मिळतो. त्यावर उपाय म्हणजे त्या कामगाराचं निवृत्तिवेतन आणि नवं प्रशिक्षण नियमाच्या खर्चातच धरणं.