बॅटमॅन असं करूच शकत नाही!

सुपरहिरो कॉमिक्सवर वाद घालायला बसण्याआधी आपली पचनशक्ती तपासून घ्या. फुटायला आलेल्या एका ग्रहावरून आई-बाप तान्हं पोर यानात घालून पाठवतात, ते अमेरिकेत कुणाच्या तरी शेतात पडतं, आपल्या सूर्याच्या उन्हावर वाढतं आणि मोठं झाल्यावर विमानं झेलतं. हे सगळं एका घासात खाली उतरलं पाहिजे, वर पाणीही न पिता. मात्र पुढच्याच पानावर त्याला आपल्याच शहराच्या, मेट्रोपोलिसच्या, दुसऱ्या टोकाला पोचायला तीन चौकटी लागल्या, की तोच घास घशात अडकला पाहिजे. "अरे, हा माणूस एका चौकटीत चंद्रावर जातो आणि ट्रॅफिक नसताना इथे उशीर कसा होतो?" असं तळमळून विचारता आलं की तुमची भरती पक्की. मोठी थाप मुकाट मान्य करायची आणि बारक्या थापेचा कीस काढायचा, एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो.

पुढची तयारी स्वभावाची. तुमच्या नव्हे, पात्राच्या. बॅटमॅनचा स्वभाव त्याच्या लेखकाला, चित्रकाराला आणि त्याचे हक्क बाळगून बसलेल्या कंपनीला कळलेला नाही, तो फक्त तुम्हाला कळलाय हे मनाशी घट्ट धरा. वाक्य नकारार्थी हवं आणि आवाज न्यायाधीशाचा. "बॅटमॅन माणूस मारूच शकत नाही." समोरचा खट्याळ असेल तर तो मे १९३९ चा 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा २७ वा अंक काढेल. बॅटमॅनची ती पहिलीवहिली गोष्ट. तीत खलनायक ठोसा खाऊन कठड्यासकट ॲसिडच्या टाकीत जातो आणि आपले महाराज 'असल्यांचा शेवट असाच व्हायचा' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून पुढच्या कामाला लागतात. १९४० साली त्याच्या स्वतःच्या नावाचा पहिला अंक निघाला, त्यात तर तो विमानातून मशीनगन चालवतो. डगमगू नका. "तेव्हा तो अजून बॅटमॅन झाला नव्हता," म्हणा. मुखपृष्ठावर नाव ठसठशीत छापलेलं दिसत असलं तरी म्हणा. सुपरमॅनचंही तेच. १९३८ मध्ये जेरी सिगल आणि जो शुस्टर यांनी त्याला आणलं तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उड्या मारायचा, एका उडीत एक अष्टमांश मैल, म्हणजे जेमतेम दोनशे मीटर. तो तुमच्या हिशेबात नाही. खरा सुपरमॅन उडतो.

मग खरा कुठला? सोपं आहे. तुम्ही बारा वर्षांचे असताना जो छापला जात होता, तो. त्याच्या आधीचा कच्चा आणि नंतरचा बिघडवलेला. पण हे चुकूनही तोंडावाटे जाऊ देऊ नका. बाराव्या वर्षीच्या प्रेमाला तर्काचा कोट चढवून, टाय बांधून चारचौघांत आणायचं, यातच सगळं कसब आहे.

स्पायडरमॅनच्या लग्नाचंच बघा. १९८७ साली पीटर पार्करचं मेरी जेनशी लग्न लागलं. त्या सुमारास वाचायला लागलेल्यांच्या लेखी पीटर म्हणजे संसारी गृहस्थ. त्याआधीपासून वाचणाऱ्या पुष्कळांना मात्र लग्नाने पोरगा म्हातारा झाला असं वाटलं. त्यांतलेच एक, जो केसाडा, पुढे मार्व्हल या स्पायडरमॅनच्या प्रकाशन कंपनीचे मुख्य संपादक झाले. २००७ मध्ये मे काकूला गोळी लागली, काकू मरणपंथाला लागली, मेफिस्टो नावाचा सैतान अवतरला आणि काकूच्या जिवाच्या बदल्यात त्याने पीटरचं लग्न पुसून टाकलं. घटस्फोट नाही, भांडण नाही, पोटगी नाही. लग्न मुळात झालंच नव्हतं. आता अभ्यासू वाचकाने काय केलं ते शिकण्यासारखं आहे. सैतान मध्येच कुठून आला, असं विचारणारे थोडे. त्याने विचारलं, "ज्या न्यू यॉर्कात जादूगार डॉक्टर स्ट्रेंज राहतो, महाशास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स राहतो, तिथे एका म्हातारीच्या अंगातली एक गोळी काढायला कुणी नाही?" प्रश्न बिनतोड आहे. त्याच्या आतला 'माझं लग्न मोडलंत की हो' हा हुंदका बाहेर ऐकू आला नाही म्हणजे झालं.

आता जरा खोलात. या क्षेत्रात पदवी घ्यायची असेल तर पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी, तिचा पेपर द्यावाच लागतो. जून १९७३, 'द अमेझिंग स्पायडरमॅन', अंक १२१. ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलाच्या मनोऱ्यावरून खाली लोटतो. स्पायडरमॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला चिकटतं, ती अधांतरी थांबते. आणि तिच्या मानेजवळ, नजर चुकली तर दिसणारही नाहीत अशा बारीक अक्षरांत एक आवाज छापलाय : स्नॅप. बस्स. चार अक्षरी इंग्रजी आवाजावर पन्नास वर्षं घर चाललंय. ती कशाने मेली? गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर पोचायच्या आधीच धक्क्याने मरतो. चार अंकांनी पत्रोत्तरांच्या पानावर संपादकांनी सांगितलं, जाळ्याने अचानक थांबल्यामुळे मानेला हिसका बसला. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी तर रीतसर गणित मांडून संपादकांच्या बाजूने कौल दिला. तीनशे फूट मोकळं पडलं तर वेग ताशी दीडशे किलोमीटरवर जातो. तो क्षणात शून्य केला तर मान काय करणार?

हे गणित पाठ करून ठेवा, कुठेही चालतं. मात्र त्याच गणिताने स्पायडरमॅनचा खांदा तपासायला जाऊ नका. रोज चाळीस मजल्यांवरून सूर मारून, मनगटातल्या दोरीला हिसका देऊन वर जाणाऱ्या त्या पोराचा हात पहिल्याच आठवड्यात निखळायला हवा होता. तो विषय काढला की सगळे घरी जातील. पुलाकडे मात्र बोट जरूर दाखवा. मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल लिहिलाय आणि चित्रात उभा आहे तो सरळसरळ ब्रुकलिनच्या पुलासारखा. ग्वेनसाठी डोळ्यात पाणी आणि ओठांवर 'पण पूल चुकलाय', हे ज्याला एकाच वेळी जमतं तो या पंथातला सिद्धपुरुष.

चुकांना नावं ठेवायची नसतात, हेही लक्षात घ्या. तुमची रोजीरोटी त्यावर आहे. १९६३ मध्ये स्पायडरमॅनच्या स्वतःच्या मासिकाच्या पहिल्याच अंकात पीटर पार्करचा पीटर पामर झाला. पुढच्या वर्षी 'फँटॅस्टिक फोर'मध्ये हल्क होणाऱ्या ब्रूस बॅनरला सगळे बॉब बॅनर म्हणायला लागले. मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली महिन्याला इतक्या मासिकांचं लेखन ओढत होते की आपल्याच पोरांची नावं विसरायचे. वाचकांनी पकडलं. लींनी काय केलं? जाहीर केलं की त्याचं पूर्ण नावच रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. विषय मिटला, आजतागायत तेच नाव आहे.

पुढे मार्व्हलने 'नो-प्राइझ' नावाचं बक्षीसच ठेवलं. आधी ते चूक दाखवली तरी मिळायचं, मग ती चूक ही चूक कशी नव्हतीच हे पटवून दिलं तर मिळायला लागलं. टपालाने लिफाफा यायचा. वर छापलेलं असायचं की आत अस्सल नो-प्राइझ आहे. आत काही नसायचं. कारखान्यातला बिघाड गिऱ्हाइकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आणि वर रिकाम्या पाकिटासाठी रांग लावायची, ही व्यवस्था जगात दुसरीकडे कुठे आढळल्यास कळवावे. आजकाल पाकीटही देत नाहीत. तरी काम चालूच आहे.

काळाच्या वादात मात्र नवशिक्याने उतरू नये. रीड रिचर्ड्सचा मुलगा फ्रँकलिन १९६८ साली जन्मला आणि त्यानंतर कित्येक दशकं शाळकरीच राहिला. आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, १९६३ च्या गोष्टीत व्हिएतनाममध्ये जखमी झाला, नंतर अफगाणिस्तानात झाला. दर काही वर्षांनी युद्ध बदलावं लागतं, नाहीतर टोनी स्टार्कला पेन्शन द्यावी लागेल. शेवटी २०१९ मध्ये मार्व्हलने सिआनकाँग नावाच्या काल्पनिक देशातल्या युद्धाचा तोडगा काढला. नकाशावरच नसलेल्या देशातलं हे युद्ध हवं तेव्हा पुढे सरकवता येतं. सोय अप्रतिम आहे, म्हणून तिच्यावर तुटून पडा.

कॅप्टन अमेरिकाचा तिढा याहून सुंदर होता. १९६४ मध्ये सांगितलं की तो १९४५ पासून बर्फात गोठलेला होता. पण १९५३-५४ मध्ये तर त्याची मासिकं निघाली होती, तो त्यात कम्युनिस्टांना बडवत होता! मग तो कोण? आठ वर्षं हे भिजत घोंगडं पडलं. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकाने उत्तर दिलं : तो तोतया होता, शस्त्रक्रियेने चेहरा बदलून घेतलेला, सदोष औषधाने डोकं फिरलेला. उत्तर इतकं चोख बसलं की वादाला जागाच उरली नाही. असे लेखक या क्षेत्राचं फार नुकसान करतात.

त्यामानाने क्लार्क केंटच्या चष्म्याचं उत्तर आदर्श म्हणावं लागेल. साधा चष्मा लावला की जवळच्या माणसालाही हा सुपरमॅन हे कळत नाही, यावर चाळीस वर्षं मौज चालली होती. १९७८ च्या अखेरीस एका वाचकाच्या कल्पनेवरून गोष्ट आली. चष्म्याच्या काचा म्हणे त्या यानाच्या काचेच्या, त्यांतून सुपरमॅन नकळत सगळ्यांना संमोहित करतो, म्हणून लोकांना तो किडकिडीत दिसतो. त्या काळात क्लार्क टीव्हीवर बातम्या वाचायचा. म्हणजे रोज संध्याकाळी अख्खं शहर ॲंटेनामार्गे संमोहित! एक प्रश्न मारला आणि त्याच्या जागी दहा उगवले. नंतरच्या लेखकांनी या शोधाकडे गुपचूप पाठ फिरवली, पण तुम्ही ती फिरवू नका. वादात भर ओसरू लागली की चष्मा काढा.

कंपनी कधीतरी सगळं निस्तरायला बसते, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. १९६१ मध्ये सुपरमॅन-बॅटमॅनच्या डीसी कंपनीने फ्लॅश याच नावाचे आपले दोन वीर एकत्र आणले. एक खरा, आणि दुसरा त्याच्याच लहानपणच्या कॉमिकमधला. दोन्ही खरे ठरवायला दोन पृथ्व्या लागल्या. शिवाय पहिल्या पृथ्वीवरच्या लेखकाला दुसरीवरचे पराक्रम झोपेत दिसायचे, असा खुलासाही पात्राच्या तोंडी घातला. पृथ्व्या वाढत गेल्या. १९८५-८६ मध्ये बारा अंकांची महामालिका काढून एकच पृथ्वी ठेवली. दिवाळीला माळा रिकामा करावा आणि काढलेलं सामान ठेवायला नवा माळा बांधावा लागावा, तशी गत झाली. १९९४ ला पुन्हा आवराआवर, २००५-०६ ला पुन्हा, २०११ ला शून्यापासून सुरुवात, २०१६ ला त्या शून्याची दुरुस्ती. प्रत्येक आवराआवरीत दोन-चार माणसं कुठल्याच पृथ्वीची राहिली नाहीत. ती तुमची.

मधल्यामध्ये मेलेल्यांचंही बघावं लागतं. बॅटमॅनचा जोडीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड जगावा की मरावा यावर १९८८ मध्ये फोनवर मतदान घेतलं, पैसे देऊन फोन करायचा. मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. इतक्या लोकशाही पद्धतीने गेलेला माणूस परत आला तो कसा? दुसऱ्याच एका सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्या हादऱ्याने तो थडग्यात जागा झाला. या खुलाशावर हसणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. भिंत मान्य करा आणि हादरा त्याच एका थडग्यापर्यंत कसा पोचला एवढंच विचारा.

आपल्याकडची मंडळी या बाबतीत फार मागे राहिली, याचं वाईट वाटतं. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, घरोघरी आला. मूळचं बेंगाला जंगल इथे येताना डेंकाली झालं, ईडनच्या बेटावर वाघ-सिंह मासे खाऊन गुण्यागोविंदाने नांदत होते, आणि वाचणारी पोरं पोटावर पालथी पडून नुसती वाचत होती! एवढे मासे रोज धरतं कोण, असा साधा प्रश्न कुणाला पडला नाही. अख्खी पिढी वाया गेली.

'कोण जिंकेल' हा वाद मी सांगायला नको, तो तुम्ही तिसरीपासून घालताय. तरी एक दाखला ठेवा. हल्क मोठा की थॉर, यावर वाचकांच्या पत्रांनी उच्छाद मांडला, तेव्हा जानेवारी १९६५ च्या अंकात थॉर स्वतःच रस्त्यावर वाद घालणाऱ्या पोरांसमोर उतरला आणि हल्कशी झालेल्या लढतीची हकिगत सांगू लागला. हातोड्याविना लढता यावं म्हणून बापाने, ओडिनने, पाच मिनिटांची सवलत दिलेली. पाच मिनिटं संपली, निकाल लागलाच नाही. धंदा कळणारी माणसं होती ती.

आता शेवटचा धोका. मार्व्हलच्या 'एक्स-मेन'मधली जीन ग्रे १९८० मध्ये मेली, कारण तिने वस्ती असलेला ग्रह बेचिराख केला होता आणि मुख्य संपादक जिम शूटर यांचं म्हणणं पडलं की एवढ्या खुनांची शिक्षा झालीच पाहिजे. तिला निर्दोष परत आणायची वाट कर्ट ब्युसिक नावाच्या एका चाहत्याला सुचली, लेखक होण्याच्याही आधी. मेली ती जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली शक्ती होती. खरी जीन तळाशी निपचित पडून आहे. हातोहाती ती कल्पना आत पोचली आणि १९८६ मध्ये जीन न्यू यॉर्कच्या जमैका उपसागराच्या तळातून, कोषातून बाहेर निघाली. ब्युसिक पुढे नावाजलेले लेखक झाले, म्हणजे आपल्या हातून गेले. तर अशी चोख पळवाट तुम्हाला सुचली तर कुणाजवळ बोलू नका. छापून आली की तुमचाच कट्ट्यावरचा मित्र अंक फडकावत येणार, "कोणत्या गाढवाने लिहिलंय रे हे? जीन असं करूच शकत नाही." आणि तो तुमच्याहून सहा वर्षांनी मोठा असणार.